चाहत्याची समीक्षा

दलित साहित्याच्या चर्चेत ‘रसिक’ नावाच्या प्राण्याचा समाचार पुरेसा घेऊन झाला आहे. आनंदवादी सौंदर्यशास्त्राने उभा केलेला, पोट भरलेला, कलाकृतीपुढे जातधर्म विसरून बसणारा हा रसिक प्रत्यक्षात कोणत्या जातीचा आणि कोणत्या पेठेतला, हे आपल्या समीक्षकांनी उघड करून दाखवले. शरणकुमार लिंबाळे यांचे ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ १९९६ साली आले, त्याच्या कितीतरी आधीपासून नियतकालिकांच्या पानांवर हे भांडण चालू होते. ते आपण जिंकले असे म्हणायला हरकत नाही. परंतु या भांडणात एक माणूस सुटून गेला. तो म्हणजे चाहता. पिटात बसणारा, शिट्टी मारणारा, नटाच्या नावाने मित्राशी अबोला धरणारा, पेपर मागच्या पानापासून वाचणारा. रसिक आस्वाद घेतो. चाहता नुसता बघतो आणि दुसऱ्या दिवशी त्यावर बोलतो. हे बोलणे आपण कधी कान देऊन ऐकले आहे काय?

त्याच्या बोलण्यात करमणूक आणि बातमी यांच्यामध्ये भिंत नसते. अमक्याचा सिनेमा किती कोटींवर गेला, तमकीचे लग्न मोडले, तालुक्यात खून झाला, त्या खुनावर वाहिनीवाल्याने काय तारे तोडले आणि त्या वेळी त्याच्या अंगात कोट कोणता होता, हे सगळे एका कटिंगमध्ये होते. विचारवंताला ही सरमिसळ उथळ वाटते. मला ती वस्तुस्थितीला धरून वाटते. एकच मालक सकाळी अग्रलेख विकतो आणि रात्री मालिका विकतो, एकच पडदा नऊ वाजता खून दाखवतो आणि साडेनऊला नाच. तेव्हा पाहणाऱ्याने तेवढा भेद का पाळावा? माझे म्हणणे असे आहे की या रोजच्या बडबडीत एक समीक्षा आहे. ती कच्ची आहे, अर्धी आहे, आणि नेमकी जिथे तिने पुढे जायला हवे तिथेच ती थांबते. पण ती आहे.

चळवळीने सिनेमाकडे बहुधा संशयाने पाहिले. पोरे सिनेमापायी वाया जातात, सिनेमा म्हणजे अफू, हे आपल्या सभांतून पुष्कळ सांगून झाले. हे सांगणाऱ्यांना जलशाचा विसर पडतो. सत्यशोधक जलसा आणि पुढे भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा, ही करमणूकच होती. तमाशाच्या बाजातली, ढोलकीच्या तालावरची. वामनदादा कर्डकांच्या पिढीनंतर तर वस्तीवस्तीत भीमगीतांचा पूर आला, आणि त्यांतल्या कितीतरी गीतांची चाल थेट सिनेमातली आहे. शिष्ट संगीतवाल्यांनी यावर नाक मुरडले. मला मात्र यात चाहत्याची अक्कल दिसते. त्याने चाल ठेवली आणि शब्द फेकून दिले. सिनेमातल्या नायकाने बागेत जी चाल नायिकेला ऐकवली, तीच चाल घेऊन त्याने महाडचे तळे गायले. याला उसनवारी म्हणायचे की जप्ती, हे ज्याने त्याने ठरवावे.

सिनेमा पाहतानाही हा माणूस एक काम सतत करत असतो, ते म्हणजे आडनाव शोधणे. १९७३ च्या ‘जंजीर’मधला इन्स्पेक्टर विजय हा खन्ना होता. १९७५ च्या ‘दीवार’मधला गोदी कामगार विजय हा वर्मा होता. ‘संतप्त तरुण’ म्हणून ज्याचा गाजावाजा झाला तो पडद्यावर १९७३ साली आला; मुंबईच्या रस्त्यावर संतप्त तरुण त्याच्या आदल्या वर्षी, १९७२ साली, दलित पँथर होऊन आलेलाच होता. पडद्याने त्याचा संताप घेतला आणि आडनाव गाळले. तरी वस्तीने ‘दीवार’ डोक्यावर घेतला. बापाच्या नावाचा कलंक लहानपणी हातावर गोंदला जातो, तो कितीही कमावले तरी पुसत नाही, ही गोष्ट ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या घडली त्याने ते गोंदण आपल्या पद्धतीने वाचले असेल तर नवल नाही. हा अर्थ पटकथेत नव्हता, तो पाहणाऱ्याने घातला. समीक्षा याहून वेगळे काय करते?

जिथे पडद्यावर अस्पृश्य प्रत्यक्षच दाखवला गेला, तिथे या वाचनाला फारसे काम उरत नसे. १९३६ च्या ‘अछूत कन्या’मध्ये देविका राणीने केलेली कस्तुरी रेल्वेच्या फाटकावर गाडी थांबवताना मरते. १९५९ च्या ‘सुजाता’मध्ये नूतनची सुजाता आपले रक्त देऊन त्या बाईला वाचवते जिने तिला वाढवले पण मुलगी म्हटले नाही. एकीने जीव द्यायचा, दुसरीने रक्त. तेव्हा कुठे प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी. २००१ च्या ‘लगान’मध्ये अधू हाताचा अस्पृश्य गोलंदाज आहे, त्याचे नाव कचरा. त्याचे व्यंग हीच त्याची कला, आणि त्याला संघात घेण्याबद्दलचे भाषण नायकाच्या तोंडी. बावीस वर्षांनी, २०२३ च्या पर्यावरण दिनाला, झोमॅटो या कंपनीने तोच नट घेऊन जाहिरात काढली. पुनर्वापर केलेल्या कचऱ्यापासून बनलेल्या वस्तूंच्या जागी, म्हणजे टेबल, दिवा वगैरेंच्या जागी, हा कचरा नावाचा माणूस बसवला. ओरड झाली, अनुसूचित जाती आयोगाने नोटीस काढली, जाहिरात मागे घेतली गेली. ती तयार करणाऱ्यांत, मंजूर करणाऱ्यांत, पैसे देणाऱ्यांत एकालाही काही खटकले नाही. खटकले ते पाहणाऱ्यांना. एका जुन्या सिनेमातल्या नावाचा अर्थ ज्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होता, अशा चाहत्यांचा त्यांत मोठा वाटा होता.

चाहता म्हटले की पुरुषच डोळ्यांपुढे येतो, हीही आपली खोड. मालिका पाहणाऱ्या बायांचे बोलणे ऐकावे. कोणत्या घरातल्या स्वयंपाकघरात कोणते देव आहेत, मोलकरणीला नाव आहे पण आडनाव नाही, सुनेच्या माहेरची माणसे फक्त लग्नात दिसतात, हे त्या भाजी निवडता निवडता सांगतात. २०१९ मध्ये स्टार प्रवाहवर बाबासाहेबांच्या जीवनावरची मालिका सुरू झाली, तेव्हा याच बायांनी रोजच्या मालिकांच्या रांगेत तिलाही बसवले आणि त्याच निकषांनी तपासले. रमाईच्या लुगड्यापासून तपासले!

आता नागराज मंजुळे यांच्या चित्रपटांकडे येऊ, कारण चाहत्याची समीक्षा इथे सर्वांत पुढे गेली आणि इथेच ती अडखळली. ‘फँड्री’ महाराष्ट्रात फेब्रुवारी २०१४ मध्ये प्रदर्शित झाला. मेलेले डुक्कर काठीला बांधून जब्याचे कुटुंब शाळेच्या भिंतीजवळून जाते, भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, गाडगेबाबा. हे दृश्य एखाद्या समीक्षकाने समजावून सांगण्याची गरज पडली नाही. आयुष्यभर भिंतीकडे पाहायची सवय असलेल्या माणसाने ते एका नजरेत वाचले. २०२२ च्या ‘झुंड’मध्ये भीमजयंतीची मिरवणूक आली, नाच आला, आणि अमिताभ बच्चन बाबासाहेबांच्या भल्याथोरल्या तसबिरीपुढे हात जोडून उभे राहिले. त्या दृश्यावर थेटरात जो जल्लोष झाला तो मी कमी लेखणार नाही. ज्याच्या ‘दीवार’वर त्याच्या बापाने शिट्ट्या मारल्या, तो नट पन्नास वर्षांनी त्याच्या वस्तीत आला होता.

पण या जल्लोषातच माझी तक्रार आहे. आपला चाहता आपली तसबीर दिसली की तृप्त होतो. दर्शन झाले, प्रसाद मिळाला! पडद्यावर कोण दिसले एवढ्यावर त्याची तपासणी थांबते. पडद्याबाहेर कोण दिसत नाही, आणि जो दिसत नाही त्याचे नाव बातमीत कोणत्या शब्दांनी लिहिले जाते, इथपर्यंत ती येत नाही. ज्या डोळ्यांनी तो सिनेमा वाचतो, त्या डोळ्यांनी तो पेपर वाचत नाही.

‘फँड्री’नंतर अडीच महिन्यांनी, २८ एप्रिल २०१४ रोजी, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्डा गावात नितीन आगे या सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याला मारून टाकण्यात आले. वरच्या जातीच्या मुलीशी तो बोलतो, एवढे कारण. जब्याने शालूकडे पाहावे आणि पोरांनी त्याला डुकरामागे धावताना पाहून हसावे, हे पडद्यावर नुकतेच होऊन गेले होते. खर्ड्यात हसण्यावर भागले नाही. दोन वर्षे आणि एक दिवसाने, २९ एप्रिल २०१६ रोजी, ‘सैराट’ आला. पाटलाच्या मुलीने खालच्या जातीच्या मुलावर प्रेम केले, दोघे पळाले, संसार थाटला, आणि शेवटी रक्तात पाय भिजलेले एक लेकरू पडद्यावर आवाजाशिवाय चालत राहिले. ज्या थेटरात आधी ‘झिंगाट’वर खुर्च्यांवर चढून नाच चालला होता ते थेटर गप्प झाले. शंभर कोटींचा टप्पा गाठणारा तो पहिला मराठी चित्रपट ठरला. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २०१७ मध्ये, नितीन आगे प्रकरणातले आरोपी सत्र न्यायालयात निर्दोष सुटले. साक्षीदार उलटले होते. महाराष्ट्रभर रडवणारी ती गोष्ट आणि हा निकाल यांच्यात दीड वर्षाचे अंतर होते. ‘झिंगाट’ तेव्हाही प्रत्येक वरातीत वाजत होते.

मी चाहत्याला रडल्याबद्दल दोष देत नाही. माझा प्रश्न शब्दांचा आहे. अशा खुनाची बातमी आपल्याकडे कोणत्या मराठीत लिहिली जाते ते पाहा. ‘प्रेमप्रकरणातून’, ‘किरकोळ कारणावरून’, ‘पूर्ववैमनस्यातून’, ‘दोन गटांत’. या चार शब्दांवर मराठी पत्रकारितेची निम्मी गुन्हेवार्ता चालते. ‘प्रेमप्रकरण’ म्हटले की मेलेलाच अर्धा गुन्हेगार होतो. ‘दोन गट’ म्हटले की मारणारा आणि मार खाणारा एका तराजूत बसतात. ‘सैराट’चा शेवट जर कोणी ‘किरकोळ कारणावरून दांपत्याची हत्या’ असा सांगितला असता तर त्याच चाहत्याने त्याची गचांडी धरली असती. पेपरात तेच वाक्य आले की तो पान उलटतो. बरे, ‘सैराट’मधून जात काढली की काय उरते याचा नमुनाही त्याने पाहिलेला आहे. २०१८ च्या ‘धडक’ने गोष्ट उदयपूरला नेली, जात एखाद्या वाक्यापुरती ठेवली, आणि शेवटी मुलीला जिवंत ठेवून मुलाला व लेकराला मारले. यावर चाहते महिनोन्‌महिने बोलले, आणि फार चांगले बोलले. बातमीदार रोज करतो ते याहून वेगळे नाही. तो ‘सैराट’ची ‘धडक’ करतो.

१६ मे २०१५ चे शिर्डीचे प्रकरण तर चाहत्याचेच प्रकरण आहे. सागर शेजवळ हा परिचारक होण्याचे शिक्षण घेणारा तरुण लग्नासाठी शिर्डीत आला होता. त्याच्या मोबाईलवर बाबासाहेबांवरचे गाणे वाजले. त्यावरून वाद काढून त्याला मारहाण झाली आणि त्याचा जीव गेला. रिंगटोन म्हणजे काय? करमणुकीतली सर्वांत क्षुल्लक वस्तू. आपल्या आवडीचे गाणे चार लोकांत वाजावे, एवढीच चाहत्याची हौस. ती इथे जिवावर बेतली. सिनेमाच्या गाण्याची रिंगटोन खिशात वाजली म्हणून कोणी मेल्याचे ऐकिवात नाही. करमणूक आणि राजकारण यांची फारकत करा असा उपदेश जे आपल्या पोरांना करतात, त्यांनी या गाण्याचे काय करायचे ते आधी सांगावे.

बातमी अशी का लिहिली जाते याचे उत्तर आपल्याकडे जुने आहे. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढला, तेव्हा ‘केसरी’ने पैसे घेऊनसुद्धा त्याची जाहिरात छापायला नकार दिला. १९९६ साली बी. एन. उनियाल यांनी ‘पायोनिअर’मध्ये लिहिले की एका परदेशी वार्ताहराला बोलण्यासाठी दलित पत्रकार हवा होता, आणि शोधूनही त्यांना एक सापडला नाही. २०१९ मध्ये ऑक्सफॅम आणि न्यूजलाँड्री यांनी पाहणी केली. वृत्तपत्रे, वाहिन्या, संकेतस्थळे आणि मासिके यांतल्या १२१ वरिष्ठ संपादकीय जागांपैकी १०६ जागांवर उच्चवर्णीय, आणि दलित-आदिवासी एकही नाही. शंभर वर्षांत जाहिरात छापण्यापुरती प्रगती झाली आहे. ती आता पैसे दिले की छापतात.

ही रचना चाहत्याला कशी वापरते, ते २०२० साली सर्वांनी पाहिले. १४ जूनला सुशांतसिंह राजपूत या तरुण नटाचा मृत्यू झाला. त्याच्या चाहत्यांचे दुःख खोटे नव्हते. वाहिन्यांनी ते दुःख हाती घेतले, चाहत्याला गुप्तहेर केले, त्याच्या हातात ‘न्याय’ हा शब्द दिला, आणि महिनोन्‌महिने देशाला दुसरी बातमी उरली नाही. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये दोन वाहिन्यांच्या वार्तांकनावर ताशेरे ओढले. सीबीआयने मार्च २०२५ मध्ये प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. या गदारोळातच, सप्टेंबर २०२० मध्ये, हाथरसची दलित मुलगी दिल्लीच्या रुग्णालयात मेली आणि पोलिसांनी रात्रीच तिचे प्रेत जाळून टाकले. कॅमेरे तिकडेही गेले, नाही असे नाही. पण तिच्या प्रेताला आग लागल्यावर गेले.

‘न्याय’ या शब्दाचा भाव कसा बदलतो हे समजायला आणखी मागे जावे लागते. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत सुरेखा, प्रियंका, रोशन आणि सुधीर भोतमांगे यांना मारले. सुरुवातीला जे छापून आले त्यात अनैतिक संबंधांची कुजबुज होती. राज्याला खैरलांजी कळली ती महिन्याभराने, लोक रस्त्यावर उतरले तेव्हा. आणि ‘न्याय द्या’ म्हणणाऱ्या त्या लोकांमागे नक्षलवादी असल्याचा संशय गृहखात्याकडून बोलून दाखवला गेला. तोच शब्द. एका वेळी तो म्हणणाऱ्यावर लाठी पडली, दुसऱ्या वेळी त्याला रात्री नऊची वेळ मिळाली.

आणि शब्द कोणाच्या हातात असतात ते पडद्यावरही दिसतेच. जोतीराव-सावित्रीबाईंवरचा ‘फुले’ हा हिंदी चित्रपट ११ एप्रिल २०२५ ला, फुले जयंतीला, येणार होता. काही ब्राह्मण संघटनांनी हरकत घेतली, परीक्षण मंडळाने ‘महार’, ‘मांग’, ‘पेशवाई’ हे शब्द काढायला सांगितले, आणि तो २५ एप्रिलला आला. महारांचा उल्लेख न करता जोतीरावांची गोष्ट सांगायची, म्हणजे शाळा दाखवायची आणि विद्यार्थी झाकायचे.

आपल्या त्रैमासिकांतून कादंबरीवर, कवितेवर, आत्मकथनावर लेख येतात, ते यावेतच. परंतु आपला विद्यार्थी आठवड्याला जितके तास पडद्यापुढे घालवतो तितके तास तो कवितेपुढे घालवत नाही, हे शिक्षकाला ठाऊक असूनही तो निबंधाला विषय देतो ‘माझा आवडता लेखक’. त्याऐवजी एका महिन्याच्या पेपरातून ‘किरकोळ कारणावरून’ हा शब्द कापून वहीत चिकटवायला सांगावा, आणि प्रत्येक कात्रणाखाली कारण काय होते ते लिहायला सांगावे. मालिकांतल्या आडनावांची यादी करायला सांगावी. मुले हे आनंदाने करतील, कारण तोंडी ते रोजच करतात. कार्यकर्त्यांनीही सिनेमा पाहणाऱ्या पोराला ‘वाया गेला’ म्हणण्याआधी त्याने काय पाहिले ते विचारावे.

या कामी एक चित्रपट फार उपयोगी पडेल, तो चैतन्य ताम्हाणे यांचा २०१४ चा ‘कोर्ट’. नारायण कांबळे या लोकशाहिरावर खटला भरला जातो, की त्याच्या गाण्यामुळे एका गटार साफ करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली. गाणे हाच गुन्हा आणि गाणे हाच पुरावा. या चित्रपटात सरकारी वकीलबाई सुट्टीच्या दिवशी कुटुंबासह नाटकाला जातात. नाटकात परप्रांतीयाची टर उडवतात आणि प्रेक्षागृह हसते. त्या गाण्याची चौकशी न्यायालयात होते, या नाटकाची होत नाही. दिग्दर्शक यावर एक शब्दही बोलत नाही; पाहणाऱ्यावर सोडतो. नारायण कांबळेची भूमिका करणारे वीरा साथीदार हे धंदेवाईक नट नव्हते. ते नागपूरचे कार्यकर्ते, ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक. १३ एप्रिल २०२१ रोजी, भीमजयंतीच्या आदल्या दिवशी, करोनाने त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांत ते ‘कोर्ट’मधले अभिनेते होते. संपादक असल्याचे ज्यांनी दिले, त्यांनी ते आत, मजकुरात कुठेतरी दिले.